ज्यांची नोंद झाली आणि ज्यांची झाली नाही : संयोजी ऊतींचे विकार व बाळंतपण यांचा इतिहास

१/
१८९६ साल. पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ आंतवान मार्फान यांनी तेथील डॉक्टरांच्या सभेपुढे पाच वर्षांच्या एका मुलीची हकीकत मांडली. तिचे हातपाय देहाच्या मानाने फार लांब व सडपातळ होते आणि बोटे पाहून मार्फान यांना कोळ्याच्या पायांची आठवण झाली. वर्णनाचा सारा रोख सांगाड्यावर होता. ही मुलगी मोठी होऊन आई झाली तर तिच्या शरीराचे काय होईल, हा प्रश्न त्या सभेत कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

२/
तो प्रश्न वैद्यकाला पडायला जवळजवळ अर्धे शतक लागले. उत्तर मिळाले ते भयंकर होते : अशा शरीराच्या स्त्रीला गर्भारपण जीवघेणे ठरू शकते. ते उत्तर सर्वच स्त्रियांना सारखे लागू नाही, हे कळायला आणखी काही दशके गेली. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात किती स्त्रियांना काय सल्ला मिळाला, हे त्या त्या वेळी कोणाची नोंद झाली होती आणि कोणाची नव्हती यावर ठरले. हा धागा त्या नोंदींचा इतिहास आहे.

३/
आधी शब्द समजून घेऊ. शरीरातील पेशी, अवयव, हाडे, रक्तवाहिन्या यांना बांधून धरणारा, आधार देणारा जो माल असतो त्याला संयोजी ऊती म्हणतात. जुन्या वाड्यातील दगडी भिंत पाहताना दगड दिसतात, पण भिंत उभी असते ती त्यांच्यामधल्या चुन्यावर. कोलॅजेन हे या ऊतींमधील बळ देणारे प्रथिन. फायब्रिलिन हे ताणल्यावर परत मूळ स्थितीत येणाऱ्या तंतूंच्या जडणघडणीतले प्रथिन. यांपैकी एखाद्याच्या जनुकात दोष असला की भिंत दिसायला तशीच राहते, पण चुना कच्चा असतो.

४/
गर्भारपण हा या चुन्याचा सर्वांत मोठा कस. नऊ महिन्यांत शरीरातील रक्ताचे आकारमान साधारण ४० ते ५० टक्के वाढते आणि हृदयाला तेवढ्या प्रमाणात अधिक काम करावे लागते. एरवी सुमारे ७० ग्रॅम वजनाचे गर्भाशय अखेरीस एक किलोच्या वर जाते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर संप्रेरकांचा परिणाम होतो, ओटीपोटाचे सांधे सैल होतात. मराठीत बाळंतपणाला बाईचा पुनर्जन्म म्हणतात, त्या म्हणण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

५/
हे सैल होणे निरोगी स्त्रीतही घडते आणि घडायलाच हवे. १९२६ साली अमेरिकन संशोधक फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगवरील प्रयोगांत दाखवले की गाभण मादीच्या रक्तद्रवात ओटीपोटाचे बंध सैल करणारा एक घटक असतो. त्याला पुढे रिलॅक्सिन हे नाव मिळाले. १९४७ साली डेव्हिड डॅनफर्थ यांनी दाखवले की गर्भाशयाचे मुख मुख्यतः स्नायूचे नसून तंतुमय संयोजी ऊतींचे आहे. मूल बाहेर येण्याची वाट मोकळी होते ती या ऊती मऊ झाल्यामुळे. म्हणजे प्रसूती ही मुळातच संयोजी ऊतींची घटना आहे.

६/
आता प्रश्न असा की या ऊती जन्मतःच सैल किंवा दुबळ्या असतील तर? त्याचे उत्तर शोधण्यासाठी जुन्या नोंदींकडे वळले की एक गोष्ट लक्षात येते. वैद्यकाने प्रथम पाहिले ते डोळ्यांना चमत्कारिक दिसणारे. १६५७ मध्ये ॲम्स्टरडॅमचे शल्यचिकित्सक योब फान मेकेरेन यांनी एका तरुण स्पॅनिश माणसाची नोंद केली. छातीच्या उजव्या बाजूची कातडी तो डाव्या कानापर्यंत ओढून दाखवत असे. पुढील काळात असे लोक जत्रांत आणि सर्कशींत पैसे घेऊन हाच खेळ करताना दिसतात.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा चमत्कार रोग म्हणून ओळखला जाऊ लागला. १८९२ मध्ये मॉस्कोच्या चेर्नोगुबोव यांनी त्याचे मूळ संयोजी ऊतींत असल्याचे मांडले, पण रशियन भाषेतील ते लेखन पश्चिम युरोपात फारसे पोहोचले नाही. डेन्मार्कचे त्वचारोगतज्ज्ञ एडवर्ड एहलर्स यांचे वर्णन १९०१ मध्ये, तर पॅरिसच्या आंरी दान्लो यांचे १९०८ मध्ये आले. १९३६ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी या दोघांच्या नावांची जोडी रूढ केली. इंग्रजी उच्चारामुळे ती आज एहलर्स-डॅनलॉस अशी ओळखली जाते.

८/
दोन्ही नावे त्वचारोगतज्ज्ञांची आहेत, हा योगायोग नव्हे. ज्या दालनातून रोग आत येतो त्या दालनाचे प्रश्न त्याला विचारले जातात. त्वचा किती ताणली जाते, जखम कशी भरते, सांधे किती वाकतात याची तपशीलवार वर्णने झाली. प्रसूतिगृहातील डॉक्टर मात्र वेगळ्या इमारतीत, वेगळ्या नियतकालिकांत लिहीत होते. बाळंतिणीचा अकस्मात मृत्यू त्यांच्या वहीत रक्तस्राव म्हणून नोंदला जाई. तिची कातडी सैल होती का, हे त्या वहीत विचारलेले नसे.

९/
मार्फान विकाराचेही असेच झाले. १९१४ मध्ये डोळ्यातील भिंग जागेवरून सरकण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. १९३१ मध्ये उट्रेख्टचे नेत्रतज्ज्ञ वेवे यांनी तो आनुवंशिक असल्याचे व त्याचे मूळ संयोजी ऊतींच्या घडणीत असल्याचे मांडले. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील बेअर, हेलन टॉसिग व ओपनहायमर यांनी अशा रुग्णांच्या महाधमनीला फुगवटा येतो हे दाखवले. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. हाडे, डोळे आणि मग हृदय, असा हा सत्तेचाळीस वर्षांचा प्रवास.

१०/
पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, अमेरिकेतील श्निट्कर व बेयर यांनी एक वेगळी मोजणी केली. महाधमनीची भिंत चिरली जाण्याच्या, तरुणांमधील तोवर प्रसिद्ध झालेल्या सर्व नोंदी त्यांनी एकत्र केल्या. चाळिशीच्या आतील ज्या स्त्रियांना हा आघात झाला होता, त्यांतील सुमारे निम्म्या गर्भारपणाशी संबंधित होत्या. तरुण स्त्रीची महाधमनी आणि तिचे गर्भारपण यांचा संबंध पहिल्यांदा असा ठळकपणे कागदावर आला.

११/
हे घडते कसे? महाधमनीची भिंत तीन थरांची असते. मधल्या थरातील तंतू कच्चे असले तर वाढलेल्या रक्तप्रवाहाच्या धक्क्यांनी आतला थर फाटतो आणि रक्त थरांच्या मध्ये शिरून भिंत उभी चिरत जाते. धोका सर्वाधिक असतो तो गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत. म्हणजे बाळ सुखरूप झाले, घरात आनंद झाला, त्यानंतरही संकट टळलेले नसते. जुन्या नोंदींत हे मृत्यू अकस्मात वाटतात त्याचे हेही एक कारण.

१२/
या विखुरलेल्या धाग्यांना एकत्र गुंफले ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्हिक्टर मॅकुसिक यांनी. मूळचे हृदयरोगाचे अभ्यासक असलेले मॅकुसिक पुढे वैद्यकीय आनुवंशिकीचे जनक मानले गेले. १९५५ मध्ये त्यांनी मार्फान विकारातील हृदयदोषांवर निबंध लिहिला आणि १९५६ मध्ये ‘संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार’ या विषयावरील ग्रंथ. डोळे, हाडे, त्वचा, रक्तवाहिन्या अशा वेगवेगळ्या खात्यांत वाटले गेलेले आजार एकाच मालाच्या दोषाने होऊ शकतात, ही दृष्टी या ग्रंथाने दिली.

१३/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून साधनांची परीक्षा करावी. १९४४ ची मोजणी प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदींवर उभी होती. रुग्णनोंद ही बखरीसारखी असते. बखरीत लढाया, कट, आकस्मिक मृत्यू येतात. ज्या वर्षी पेरणी झाली, पीक आले आणि काही घडले नाही, ते वर्ष बखरीत येत नाही. लांब बोटांची एखादी स्त्री तीन मुले होऊन सुखाने नांदली, यावर कोणी डॉक्टर निबंध लिहीत नसे. ती दगावली तर लिहीत असे.

१४/
उलट बाजूचाही विचार करायला हवा. जी स्त्री खेडेगावात, घरच्या घरी, निदान न होताच गेली, तीही कोणाच्या वहीत नाही. म्हणजे जुन्या साधनांतून दोन प्रकारच्या स्त्रिया गळाल्या : सुखरूप बाळंत झालेल्या आणि अनोळखी मेलेल्या. उरल्या त्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मेलेल्या. धोका खरा होता यात शंका नाही. तो किती होता, हे या साधनांतून कळणे अशक्य होते.

१५/
प्रश्न बदलला की साधने बदलतात याचे सुंदर उदाहरण १९६६ चे आहे. ब्रिटनमधील डॉक्टर बाराबास यांनी एहलर्स-डॅनलॉस असलेल्या रुग्णांना त्यांच्या स्वतःच्या जन्माविषयी विचारले. उत्तरांत एकच गोष्ट पुन्हापुन्हा येऊ लागली : यांतील पुष्कळजण दिवस भरण्याआधी जन्मले होते आणि त्याआधी आईची गर्भजलाची पिशवी अवेळी फुटली होती.

१६/
याचे स्पष्टीकरण शरीररचनेत आहे. गर्भजलाची पिशवी आईच्या पोटात असली तरी ती आईच्या ऊतींची नसते, गर्भाच्या ऊतींची असते. बाळात दोष असेल तर पिशवीतही तोच दोष येतो. त्यामुळे आई निरोगी असूनही बाळाच्या विकारापायी प्रसूती लवकर होऊ शकते. आईच्या विकाराने बाळाला धोका, एवढी एकाच दिशेची समजूत इथे मोडली. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बाधित बाळ आणि अकाली प्रसूती यांचा असाच संबंध आढळला.

१७/
१९६७ मध्ये बाराबास यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. एहलर्स-डॅनलॉस हा एक आजार नसून त्याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांतील एका प्रकारात धमन्याच फुटतात. याच सुमारास पीटर बीटन यांनी इंग्लंडमध्ये शंभर रुग्णांचा अभ्यास केला. १९६९ मध्ये त्यांनी या विकारातील प्रसूतीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. वर्णनाला आरंभ झाल्यापासून तीन शतके उलटल्यावर स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणांविषयी पद्धतशीरपणे विचारले जाऊ लागले होते.

१८/
पुढची पायरी प्रयोगशाळेत पडली. १९७१ मध्ये कोलॅजेनचा तिसरा प्रकार ओळखला गेला. रक्तवाहिन्या, आतडी आणि गर्भाशय यांच्या भिंतींत तो विपुल असतो. १९७५ मध्ये मायकेल पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की धमन्या फुटणाऱ्या प्रकारात नेमके हेच कोलॅजेन कमी पडते. आता एकाच स्त्रीच्या शरीरात धमनी, आतडे आणि गर्भाशय हे तीनच अवयव का फाटतात, याचे कारण हाती आले. त्या प्रकाराला आज रक्तवाहिनी-प्रकार म्हणतात.

१९/
१९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या प्रकारातील गर्भारपणांवर एक छोटा निबंध आला. दहा स्त्रिया, त्यांची वीस गर्भारपणे, आणि पाच माता मृत. चार गर्भारपणांमागे एक मृत्यू. कोणत्याही डॉक्टरच्या मनावर कोरला जावा असा हा आकडा. पुढील अनेक वर्षे या स्त्रियांना गर्भ राहू देऊ नका, राहिलाच तर ठेवू नका, असा सल्ला देताना याच वीस गर्भारपणांचा आधार घेतला गेला.

२०/
सल्ल्यामागील कळकळ खरी होती. पण त्याची किंमत कोण मोजत होते हेही पाहिले पाहिजे. विवाह ठरताना, सासरी, मूल हवे असताना, किंवा आधीच दिवस गेलेले असताना एखाद्या तरुण स्त्रीला हा आकडा सांगितला जाई. तो आकडा दहा जणींवरून काढलेला आहे, आणि त्या दहा जणी डॉक्टरांच्या नजरेस आल्या त्या बहुधा घरात काही भयंकर घडल्यामुळे, हे तिला कोण सांगणार?

२१/
मार्फान विकारात हा प्रश्न दोनच वर्षे आधी विचारला गेला होता. १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधील रीड पायरिट्झ यांनी जुन्या मृत्युनोंदी बाजूला ठेवून स्वतःच्या चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे मोजली. २६ स्त्रिया, १०५ गर्भारपणे. त्यांत मृत्यू एक, तोही ज्या स्त्रीचे हृदय आधीपासूनच गंभीर आजारी होते तिचा. छापील नोंदींतले चित्र आणि हे चित्र एकाच रोगाचे आहे यावर विश्वास बसू नये इतका फरक.

२२/
मग जुने डॉक्टर खोटे होते का? नव्हते. त्यांनी पाहिले तेच लिहिले. पण मोजणीत कोण आले यावर उत्तर ठरते. पायरिट्झ यांच्या मोजणीतही एक फट होती : चिकित्सालयात येऊन आपली जुनी बाळंतपणे सांगणारी स्त्री ही मुळातच त्यांतून वाचलेली असते. एका साधनात मृत्यू जास्त गोळा झाले, दुसऱ्यात जिवंत राहिलेल्या. दोन्ही फटी बुजवायच्या तर एकच मार्ग उरतो. गर्भ राहण्याआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची आणि पुढे काय होते ते पाहायचे.

२३/
त्यासाठी शरीर न कापता महाधमनी मोजता येणे आवश्यक होते. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची जी सुरुवात केली, तिच्यातून हे साधन मिळाले. १९९५ मध्ये रॉसिटर व सहकाऱ्यांनी २१ स्त्रियांच्या ४५ गर्भारपणांचा असा पुढे पाहणारा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की हृदयाजवळ महाधमनीचा व्यास ४० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर गर्भारपण बहुधा सुखरूप पार पडते. व्यास वाढलेला असेल तर धोका वाढतो.

२४/
या एका आकड्याने सल्ल्याचे स्वरूप पालटले. ‘तुला हा रोग आहे, म्हणून नको’ याच्या जागी ‘तुझी महाधमनी आधी मोजू’ हे वाक्य आले. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी मार्फान विकारात ४५ मिलिमीटरच्या पुढे गर्भारपण टाळावे असे सांगितले. म्हणजे सीमारेषा नेमकी कुठे आखावी यावर अजूनही मतभेद आहेत. पण रेषा रोगाच्या नावावरून न आखता त्या स्त्रीच्या शरीरातील मापावरून आखायची, यावर एकमत झाले.

२५/
मोजमापाबरोबर उपायही आले होते. १९६८ मध्ये ह्यू बेंटॉल व अँटनी डी बोनो यांनी महाधमनीचा रोगट भाग व झडप एकत्र बदलण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये लिन साकाई यांच्या गटाने फायब्रिलिन शोधले, १९९१ मध्ये मार्फान विकारातील त्याच्या जनुकाचा दोष सापडला. १९९४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल हे जुने औषध महाधमनीचे फुगणे मंदावते असे दिसून आले. व्यास धोकादायक असेल तर गर्भारपणाआधीच शस्त्रक्रिया करून घेणे, हा पर्याय आता काही स्त्रियांपुढे ठेवता येऊ लागला.

२६/
एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिनी-प्रकारात मोठी मोजणी व्हायला २००० साल उजाडले. सिअ‍ॅटलमधील पीटर बायर्स यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे निदानासाठी नमुने येत होते. त्या कुटुंबांच्या माहितीतून मेलनी पेपिन व सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : गर्भ राहिलेल्या ८१ स्त्रियांपैकी १२ जणी त्यातील गुंतागुंतीने गेल्या. पाच जणींचे गर्भाशय कळा येत असताना फुटले, दोघींच्या रक्तवाहिन्या प्रसूतीच्या वेळी आणि पाच जणींच्या प्रसूतीनंतर. चित्र अजूनही काळेच होते, पण १९८३ इतके नव्हे.

२७/
२०१४ मध्ये याच गटाने आणखी मोठा हिशेब मांडला. ५६५ प्रसूतींमध्ये ३० मातामृत्यू, म्हणजे सुमारे ५.३ टक्के. साधारण प्रसूतीच्या तुलनेत हा धोका प्रचंड आहे आणि तो सौम्य करून सांगणे अपराध ठरेल. तरीही चार गर्भारपणांमागे एक आणि सुमारे एकोणीस प्रसूतींमागे एक यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात तीस वर्षांतील कित्येक स्त्रियांचे निर्णय झाले होते.

२८/
या अभ्यासातील एक निष्कर्ष विशेष विचार करायला लावणारा आहे. मूल झालेल्या आणि न झालेल्या बाधित स्त्रियांच्या एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. याचा अर्थ गर्भारपण निर्धोक आहे असा काढता येत नाही. आयुष्य आखूड करणारा मूळ रोग गर्भारपण टाळल्याने टळत नाही, इतकेच त्यातून दिसते. मातृत्व नाकारून जगण्याची जी हमी पूर्वी गृहीत धरली गेली होती, ती हमी मुळात कोणाकडे नव्हती.

२९/
या साऱ्या इतिहासात एक मोठा गट बराच काळ दिसतच नाही. सांधे अति लवचीक असलेला एहलर्स-डॅनलॉसचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्यात धमन्या सहसा फुटत नाहीत. पण ओटीपोटाच्या सांध्यांचे असह्य दुखणे, कधी झपाट्याने होणारी प्रसूती, नंतरचा रक्तस्राव, सुन्न करणाऱ्या औषधाचा अपुरा परिणाम, पुढे अंग बाहेर येणे असे त्रास होऊ शकतात. यातून कोणी सहसा दगावत नाही, म्हणून त्यावर खळबळजनक निबंध झाले नाहीत. ‘बाळंतपणात दुखायचेच’ या वाक्याखाली ती दुखणी झाकली गेली.

३०/
२०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने एहलर्स-डॅनलॉसचे तेरा प्रकार मानले. त्यांतील बहुतेकांची जनुके ठाऊक आहेत, या सर्वसामान्य प्रकाराचे मात्र तेव्हाही ठाऊक नव्हते. जनुकचाचणीने त्याचे निदान करता येत नसल्याने ते स्त्रीच्या कथनावर आणि तपासणीवर अवलंबून राहते. म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे : तिचे सांगणे कोणी नोंदवून घेतले का?

३१/
आज अशा स्त्रीच्या गर्भारपणाची तयारी शक्यतो गर्भ राहण्याआधी सुरू होते. नेमका प्रकार कोणता हे जनुकचाचणीने शक्य तिथे ठरवले जाते, महाधमनी मोजली जाते, आणि प्रसूतितज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ एकत्र बसतात. मार्फान विकारात आणि रक्तवाहिनी-प्रकारात मुलाला दोष मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते, तीही आधी सांगितली जाते. प्रसूतीनंतरच्या आठवड्यांतही लक्ष ठेवले जाते. निर्णय मात्र त्या स्त्रीचा, खऱ्या आकड्यांसह.

३२/
घराण्याच्या इतिहासालाही इथे वैद्यकीय मोल आले आहे. आजी बाळंतपणात अचानक गेली, मावशी तिशीत छातीत कळ येऊन गेली, मामा फार उंच होता आणि त्याला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा होता, अशा आठवणी अनेक घरांत सांगितल्या जातात आणि विरून जातात. आनुवंशिकीच्या चिकित्सालयात वंशवृक्ष काढताना याच आठवणी विचारल्या जातात. ज्या बाईचा मृत्यू कोणाच्या वहीत नाही, तिची नोंद कधी कधी एवढ्याच रूपाने उरलेली असते आणि ती तिच्या नातीच्या उपयोगी पडते.

३३/
मार्फान यांनी १८९६ मध्ये वर्णिलेल्या त्या मुलीला आज मार्फान नावाने ओळखला जाणारा विकार होता की त्याच्याशी मिळताजुळता दुसरा, याविषयी पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तिची हाडे पाहिली गेली, १९०२ मध्ये तिची क्ष-किरण तपासणीही झाली. वैद्यकाने त्या दिवसापासून कोणाकडे पाहिले, काय विचारले, आणि कोणाला विचारायचे राहून गेले, याच क्रमाने अशा मुलींना पुढे मिळालेला सल्ला बदलत गेला.

समाप्त.